हॉलिस फोर्डचा नववा शिपाई

मी अमेरिकेत पाच वेळा मेलो. पाचही वेळा सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, डाव्या कुशीवर. उजव्या कुशीवर मला मरता येत नाही, कारण उजवा गुडघा वळत नाही. तेवढी सवलत आमच्या पलटणीने मला दिली होती.

हे पत्रातून कळवलं तेव्हा नागपूरच्या मित्रांनी उलट टपाली लिहिलं की राजाराम गजभिये तिकडे जाऊनही सुधारलेला दिसत नाही. त्यांचंही बरोबर आहे. बत्तीस वर्षं मी रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये टपालाच्या डब्यात उभ्याने पत्रं निवडली, आणि माझं नाव झालं ते कामापेक्षा थापांसाठी. एका पाकिटावर फक्त 'आईला' एवढंच लिहिलं होतं आणि ते मी बरोबर आईपर्यंत पोचवलं, ही गोष्ट मी इतक्या जणांना सांगितली की पुढे पुढे मलाच त्या बाईचं अंगण दिसायला लागलं. तेव्हा वाचणाऱ्याने सांभाळून वाचावं. पण मरण्याचं खरं आहे. साक्षीदार आहेत.

त्र्याण्णव साली मी लेकीकडे, ॲन आर्बरला आलो. मैत्री तिथे युनिव्हर्सिटीच्या प्रयोगशाळेत काम करते. तिची आई गेल्यावर तिने मला एकटं राहू दिलं नाही. डिसेंबर संपत आला तसा मी अस्वस्थ झालो. एक जानेवारीला आमच्या घरातलं माणूस कोरेगावला, भीमेच्या काठच्या खांबाला सलाम करायला जातं. कंपनी सरकारच्या पलटणीतले आमचे महार शिपाई अठराशे अठरा सालच्या त्या दिवशी पेशव्यांच्या फौजेशी लढले. पडले त्यांची नावं त्या खांबावर कोरली आहेत. लहानपणी वडील मला नेत, पुढे मी मैत्रीला नेलं. नागपूरहून दोन दिवसांचा प्रवास, पाठीला पोचे पडायचे, पण कधी चुकवलं नाही. आणि आता मी मिशिगनात खिडकीशी बसून बर्फ बघत होतो.

मैत्रीला म्हटलं, जवळपास एखादा खांब आहे का बघ. कुठल्याही लढाईचा चालेल, शिपायांचा असला म्हणजे झालं.

"बाबा, असं रिप्लेसमेंट चालतं का?" ती म्हणाली. पण तिने शोधला.

ॲन आर्बरपासून पाऊण तासावर हॉलिस फोर्ड नावाचं गाव आहे. एक पेट्रोल पंप, एक चर्च, एक नदी. अठराशे तेराच्या जानेवारीत अमेरिकेची इंग्रजांशी लढाई चालू होती, तेव्हा या नदीच्या उतारावर, म्हणजे जिथून ती पायी ओलांडता येते तिथे, काही शिपायांनी एक दिवस इंग्रजांना अडवून धरलं होतं. ती लढाई कुठल्या मोठ्या पुस्तकात नाही. काठावर कमरेएवढा एक दगड आहे. त्यावर लिहिलं होतं: 'लेफ्टनंट जोसाया क्रेन आणि नऊ शिपाई यांनी हा उतार राखला.'

एक जानेवारीला मैत्रीबरोबर मी पांढरा सदरा घालून गेलो होतो, वर जावयाचा कोट. बर्फात उभा राहून सलाम केला, मेणबत्ती लावली, ती वाऱ्याने विझली, पुन्हा लावली. मग ती ओळ परत वाचली आणि डोकं तापलं. नऊ शिपाई म्हणजे काय? आमच्या खांबावर कंपनीच्या गोऱ्या साहेबांनीसुद्धा महारांची नावं एकेक करून कोरली, आणि इथे स्वतःच्याच माणसांचा नुसता आकडा. शिवाय गंमत अशी की तिकडे आमचे लोक इंग्रजांच्या बाजूने होते आणि इकडे मी इंग्रजांशी लढलेल्यांना सलाम ठोकत होतो. पाच वर्षांचं अंतर, दोन्हीकडे जानेवारी. पाय दोन्हीकडे सारखेच दुखले असणार.

तेवढ्यात फावडं घेऊन एक म्हातारी आली. दगडाभोवतीचा बर्फ काढायला ती रोज येत असे. ही लॉइस. जन्मभर कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्ते खात्यात टायपिस्ट होती, आणि आता हॉलिस फोर्डच्या इतिहास मंडळाची सेक्रेटरी. मंडळात एकूण सात माणसं, त्यातली दोन अंथरुणाला खिळलेली. तिने विचारलं, इथे तुमचं कोणी होतं का? मी म्हटलं, नाही, पण कोणाचं तरी असेल. ती फावडं बर्फात रोवून उभी राहिली आणि मग आम्हा दोघांना कॉफी प्यायला घेऊन गेली.

त्या कॉफीपायी मी सैन्यात भरती झालो.

मंडळ दरवर्षी त्या लढाईचं नाटक करी. लढाई जानेवारीतली, पण जानेवारीत प्रेक्षक येत नाहीत, म्हणून सप्टेंबरात. लोकरीचे कोट, चामड्याचे पट्टे, बार काढणाऱ्या पण गोळी नसलेल्या बंदुका. माणसं मिळायची नाहीत. जी मिळायची त्यांचं सरासरी वय सदुसष्ट. कोणाला दमा, कोणाच्या छातीत पेसमेकर. चाल करून जा म्हटलं की पलटण तीन ठिकाणी थांबून श्वास घ्यायची. इंग्रजांच्या बाजूला तर एकटा व्हर्न, कारण लाल कोट त्याच्या एकट्याकडे होता. व्हर्नने आयुष्यभर गाई पाळल्या होत्या आणि माणसांशीही तो गाईंशी बोलावं तसाच हळू बोले. खऱ्या लढाईत आपला एक शिपाई मेला होता. कोण ते कोणाला ठाऊक नव्हतं. पण नाटकात कोणीतरी मरायला हवं, आणि गवत ओलं असतं म्हणून कोणी तयार होत नसे. नवा भरती झालेला मी, मला मरायला दिलं. व्हर्नने मला पाच वर्षांत पाचदा गोळी घातली आणि पाचदा बगलेत हात घालून उठवून बसवलं.

मेल्यावर मला दुसरं काम नसे. मग मी तंबूजवळच्या शेकोटीशी बसून आलेल्या लोकांना गोष्ट सांगायचो. माझी इंग्रजी पाकिटांवरचे पत्ते वाचून आलेली, पण थापेला व्याकरण लागत नाही.

शहाण्णव साली मी तिथे एक शिपाई तयार केला. आडनाव व्हील, कारण समोर गाडीचं एक जुनं चाक टेकवून ठेवलेलं होतं. नाव टोबायस, ते मैत्रीच्या डेंटिस्टचं. हा टोबायस म्हणजे जगातला सगळ्यात दमलेला माणूस. महिनाभर बर्फातून चालत आलेला. त्या काळी बुटांना डावा-उजवा नसे, दोन्ही सारखेच, त्यामुळे त्याचे दोन्ही पाय सारखेच सोलवटलेले. त्याला उतारावर पहाऱ्याला उभं केलं, आणि तो उभ्या उभ्या झोपला. अंगावर गुडघाभर बर्फ साचला तरी जागा होईना. इंग्रज आले तर त्यांना वाटलं हा फाटकाचा खांब आहे. एका इंग्रज हवालदाराने त्याच्या बंदुकीवर आपला ओला कोट वाळत घातला, तोही बिचारा दमलेला, टोबायसला पाठ लावून टेकला, आणि त्यालाही झोप लागली. त्या दोघांच्या चहूबाजूंनी लढाई झाली. संध्याकाळी दोघे जागे झाले. हवालदाराने विचारलं, कोण जिंकलं? टोबायस म्हणाला, मला वाटलं तुला माहीत असेल.

लोक पोट धरून हसले. व्हर्न हसला नाही. तो हळूच म्हणाला, मला पटतं हे, गाईसुद्धा अशा झोपतात. मग त्याने विचारलं, हे सापडलं कुठे? इथे मी चुकलो. गोष्ट आहे म्हणून हसून सोडून दिलं असतं तर भागलं असतं. पण थापाड्या माणसाची जीभ अशा वेळी आपसूक चालते. मी म्हटलं, युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत वाचलं, एक जुनं पत्र आहे.

लॉइस मागे कॉफी ओतत होती.

पुढच्या सप्टेंबरात टोबायस वाढला. त्याला खेचराची भीती होती, त्याच्या बायकोने दिलेला मोजा त्याने कानाला बांधला होता, असं मी काहीबाही जोडत गेलो. लोक टोबायसची गोष्ट ऐकायलाच येऊ लागले.

अठ्ठ्याण्णव साली मी पाचव्यांदा मेलो. दोन वाजून दहा मिनिटं, डावी कूस, गवत नेहमीसारखं ओलं. नाटकाचा नियम असा की बिगूल वाजेपर्यंत मेलेल्याने हलायचं नाही. मी डोळे मिटून पडलो होतो, कानाशी मुंगी, आणि लाउडस्पीकरवर लॉइसचा आवाज आला. तिचा आवाज त्या वर्षी कागदासारखा झाला होता. वय एक्याऐंशी. घर विकलं होतं, नोव्हेंबरात ती मुलाकडे ॲरिझोनाला कायमची जाणार होती.

ती म्हणाली की जाण्याआधी तिला एक काम पुरं करायचं होतं. कौंटीच्या तळघरात क्रेनच्या तुकडीचा हजेरीपट सापडला आहे. दगडावरचे 'नऊ शिपाई' आता जातील, तिथे नवा दगड बसेल आणि त्यावर नावं असतील. मग तिने ती वाचली. एकेका नावानंतर थांबत वाचली. आठ झाली. नवव्या ओळीचा कागद उंदरांनी खाल्ला आहे, ती म्हणाली, पण नववं नाव आपल्याला आपल्या राजमुळे मिळालं. शिपाई टोबायस व्हील.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मेलेलो होतो. उठून सांगता येत नव्हतं.

बिगूल वाजला. व्हर्नने मला बसतं केलं आणि पाठीवर हात ठेवला. मी तसाच, कोटाला गवत चिकटलेला, लॉइसकडे गेलो आणि विचारलं की दगड कधी कोरणार. सोमवारी सकाळी, ती म्हणाली. तिने माझे दोन्ही हात धरले. तिचे हात इतके थकलेले होते की त्यांत धरण्याचं बळ नव्हतं, नुसते ठेवले होते.

"मी लायब्ररीला पत्र लिहिलं होतं," ती म्हणाली. "त्यांना ते कागद सापडले नाहीत. मी म्हटलं, त्यांना नसतील सापडले. जो माणूस आपला कोणी नसताना दर एक जानेवारीला बर्फात येऊन उभा राहतो, तो या पोरांबद्दल खोटं बोलणार नाही."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. कॉफी घेतली आणि गाडीत जाऊन बसलो.

त्या रात्री जेवण गेलं नाही. जावई विवेक म्हणाला, पडताना लागलं असेल, ॲडव्हिलची गोळी घ्या. मी आडवा पडून हिशेब लावून पाहिला. गप्प राहिलो तर काय बिघडतं? दगड होईल, लॉइस समाधानाने जाईल, टोबायस कोणाचं काही वाईट करत नाही. सांगितलं तर म्हातारीच्या शेवटच्या कामावर मी पाणी ओतलं असं होईल, आणि हॉलिस फोर्डात माझ्याकडे कोणी बघणार नाही. सगळं गप्प राहण्याच्या बाजूने होतं. पण खोटं हवेत सांगितलं तर वारा नेतो, आणि हे दगडावर जाणार होतं. दगडावरच्या नावाचं काय होतं ते मला फार लहानपणापासून माहीत होतं, आणि ते मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळी मैत्रीला म्हटलं, मला लॉइसकडे ने. वाटेत ती दोनदा म्हणाली, "काय झालंय ते तरी सांगा ना." मी म्हटलं, तिथे सांगतो, एकदाच सांगायचं बळ आहे.

लॉइसचं घर अर्ध्याहून जास्त खोक्यांत बांधलेलं होतं. स्वयंपाकघरात तीन खुर्च्या उरल्या होत्या. टेबलावर दगडाचा नकाशा पसरला होता, नऊ ओळींचा. मी बसलो नाही.

"टोबायस नाही," मी म्हटलं. "असा कोणी नव्हता. चाक बघून आडनाव दिलं. पत्र नाही, लायब्ररी नाही. मी रचला."

लॉइसने विचारलं, मोजा? मी म्हटलं, मोजाही. खेचर? खेचरही. ती एकेक विचारत गेली आणि मी एकेक काढून देत गेलो. पोलिसाने झडती घ्यावी तसं नाही. गेलेल्या माणसाचे कपडे दोघांनी मिळून घडी करावेत तसं. मैत्री खाली मान घालून बसली होती.

शेवटी लॉइसने एक झेरॉक्स पुढे सरकवली. हजेरीपटाची.

"आठ नावांपुढे फौजेतून सुटल्याची तारीख आहे, बघा. आठ जण घरी गेले. नवव्या ओळीचं नाव उंदरांनी खाल्लं, पण पुढचा कोपरा शिल्लक आहे. तिथे तारीख नाही. मेला तो हाच, राज. पाच वर्षं तुम्ही याचंच मरण करत होतात. आणि शेकोटीशी बसून त्याला झोपलेला दाखवत होतात, लोकांना हसवायला."

मी खुर्ची ओढून बसलो. आणि मग जे कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. मराठीतलं मैत्रीने लॉइसला सांगितलं, आणि सांगता सांगता तिला ते पहिल्यांदाच कळत गेलं.

माझे वडील गिरणीत होते, अक्षरशत्रू. कोरेगावच्या खांबाशी गेलं की ते मला कडेवर घेत, एका नावावर बोट ठेवत आणि म्हणत, हा आपला. खापरपणज्याचा बाप. त्या बोटाने माझी छाती वीतभर फुगायची. मग मी शाळेत गेलो, मला वाचता यायला लागलं. त्या वर्षी वडिलांनी बोट ठेवलं ते नाव मी वाचून पाठ केलं. पुढच्या वर्षी त्यांनी बोट ठेवलं ते दुसऱ्याच नावावर. त्याच्या पुढच्या वर्षी तिसऱ्यावर. त्यांना कुठलंच वाचता येत नव्हतं. हात पोचेल तिथे ते बोट ठेवत. मी त्यांना कधी बोललो नाही. ते गेले तेव्हा मी ठरवलं की एकदा नीट शोधायचं, आपला कोण ते. शोधला नाही. टपालाच्या डब्यात आयुष्य गेलं, बत्तीस वर्षं दुसऱ्यांची नावं वाचण्यात. मैत्री सहा वर्षांची झाली तेव्हा तिला कडेवर घेतलं, एक सोपं नाव बघून बोट ठेवलं आणि म्हटलं, हा आपला.

मैत्रीने हे शेवटचं वाक्य लॉइसला सांगितलं नाही. लॉइसनेही विचारलं नाही.

लॉइस उठली, फोनपाशी गेली आणि दगडवाल्याला निरोप ठेवला की उद्या सकाळी तिच्याशी बोलल्याशिवाय काम सुरू करू नये. तिने आम्हाला दारापर्यंत सोडलं. कॉफी विचारली नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा.

गाडी घराशी वळवताना मैत्री म्हणाली, "मी शाळेत त्या नावावर निबंध लिहिला होता, बाबा."

"माहीत आहे," मी म्हटलं. "पहिला नंबर आला होता."

"हसवू नका."

मी नव्हतो हसवत.

नोव्हेंबरात लॉइस ॲरिझोनाला गेली. मला कळवलं नाही. मी दोन पत्रं लिहिली, दोन्ही स्वतःच पेटीपर्यंत नेऊन टाकली. पेटीत पडलेलं पत्र पोचतंच, एवढा माझा अजून विश्वास आहे. उत्तर आलं नाही.

एक जानेवारीला मैत्री स्वतःहून म्हणाली, चला. मी म्हटलं, कुठल्या तोंडाने? ती म्हणाली, ज्या तोंडाने दरवर्षी जाता त्याच. तिने थर्मासमध्ये चहा भरला. रस्त्यावर बर्फ होता, तास दीड तास लागला.

दगडाशी फावडं घेऊन व्हर्न उभा होता. लॉइस जाताना ते काम त्याच्यावर सोपवून गेली होती. मला बघून त्याने मान हलवली, वर्षभर न दिसलेल्या जनावराला ओळख द्यावी तशी. नवा दगड करडा, गुळगुळीत. वर लेफ्टनंट क्रेन. खाली आठ नावं. आणि त्यांच्याखाली एका ओळीची जागा, घासून तकतकीत केलेली, कोरी.

व्हर्न हळू आवाजात सांगत होता. दगडवाला म्हणाला होता की आठच नावं असतील तर ओळींत अंतर वाढवून बसवू, रिकामं दिसणार नाही. लॉइसने त्याला तीनदा फोन केला. जागा सोडायची, नाव बसेल एवढी, ना कमी ना जास्त. "तिने तुझ्याबद्दल काही सांगितलं नाही," व्हर्न म्हणाला. मग थोड्या वेळाने म्हणाला, "सप्टेंबरात मरायला येशील ना? दुसरं कोणी नाही."

मी म्हटलं, येईन. पण शेकोटीशी बसणार नाही, गुडघ्याला धूर सोसत नाही. व्हर्नने ते खरं मानलं की नाही, कळलं नाही.

मैत्रीने मेणबत्ती लावली. विझली. तिने पुन्हा लावली आणि तळहाताचा आडोसा धरला. मी सलाम केला. कोऱ्या पट्टीवर बर्फाचा पातळ थर बसला होता, तो हातमोज्याने पुसला, मग हातमोजा काढून बोट ठेवलं. दगड इतका गार होता की बोट चिकटतं की काय असं वाटलं.

मैत्री शेजारी येऊन उभी राहिली.

"हा कोणाचा, बाबा?"

आईला एवढंच लिहिलेलं पत्र पोचवणारा माणूस मी. चाक बघून माणूस उभा करणारा. जिभेवर तीन नावं तयार होती, एक तर फारच चांगलं होतं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

तिने मान हलवली. आम्ही आणखी थोडा वेळ उभे राहिलो. मग माझा उजवा गुडघा बोलायला लागला, म्हणून तिने माझा हात धरला आणि व्हर्नलाही चहाला गाडीकडे बोलावलं.